चष्मे वाटून झाले, मैदानाचे काय?

वस्तीत नेत्र तपासणी शिबिर लावले की फळ्यावरचे न दिसणारी मुले दरवेळी निघतात. चष्मे वाटले जातात, फोटो निघतात. आम्ही अशी शिबिरे घेतो आणि पुढेही घेऊ, कारण लागलेला नंबर चष्म्याशिवाय भागत नाही. 'मुलीला चष्मा लागला तर लग्नाला अडेल' म्हणून तो दप्तरातच ठेवायला लावणाऱ्या घरांशी भांडणेही चालूच आहे. पण नंबर लागतो कशामुळे, असे विचारले की पालकांचे उत्तर ठरलेले असते : मोबाइल. ते खोटे नाही, अपुरे आहे.

वाढत्या वयात डोळ्यांना भरपूर उजेड मिळाला की दृष्टिपटलात डोपामिन स्रवते आणि नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबट होत नाही, असे आज बहुतेक संशोधक मानतात. तो लांबला की दूरचे धूसर दिसते. वर्गात उजेड काहीशे लक्स असतो, बाहेर उन्हात दहा हजारांच्या पुढे. चीनमधील ग्वांगझोऊ शहरात १२ प्राथमिक शाळांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांत त्यांच्यातील ३०.४ टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी आली, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. खर्च म्हणाल तर फक्त वेळ आणि जागा.

यावर कोणी म्हणेल, नागपूरच्या उन्हात मुलांना बाहेर काढायचे कसे? म्हणून तर झाडे हवीत. तैवानमधील शाळांच्या अभ्यासात असे दिसले की कडक ऊन लागतच नाही, सावलीतला उजेडही उपयोगी पडतो. बार्सिलोनातही शाळेभोवती हिरवळ जास्त तिथे चष्मा लागलेली मुले कमी आढळली. आपल्याकडे उघडे बोडके मैदान अकरा वाजताच ओस पडते. चार कडुनिंब असले तर तेच मैदान मधल्या सुट्टीत भरते.

आता आपल्या मुलांच्या शाळा पाहा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे, पण ते किती मोठे हे लिहिलेले नाही. झाडांचा तर प्रश्नच नाही. मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील एका शाळेच्या प्रकरणात २०२३ मध्ये बजावले. तरीही पत्र्याच्या शेडमध्ये, दुकानांच्या वरच्या मजल्यावर इंग्रजी शाळा चालतात आणि पोटाला चिमटा काढून आपले लोक तिथेच फी भरतात. दिल्लीत एम्सच्या संशोधकांना सरकारी शाळांपेक्षा खासगी शाळांतील मुलांत ऱ्हस्वदृष्टी जास्त आढळली होती. मोठ्या घरच्या मुलाला निदान सोसायटीची बाग असते. आपले मूल कोंदट वर्गातून शिकवणीला आणि शिकवणीतून दहा बाय दहाच्या खोलीत येते.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय औरंगाबादला ज्या परिसरात उभे आहे, त्याचे नाव नागसेनवन. शिक्षणसंस्थेच्या नावात 'वन' असावे, हे आम्हाला योगायोगाचे वाटत नाही. आणि आपण काय करतो? विहारात अभ्यासिका काढतो, ही चांगलीच गोष्ट, पण अंगणातली झाडे तोडून पेव्हर ब्लॉक बसवतो आणि तिथे दुचाक्या लावतो. संध्याकाळी पाच ते सहा अभ्यासिकेला कुलूप आणि मुले अंगणात, एवढा नियम करायला कोणाची मंजुरी लागत नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि सरकारी शाळांत शाळा विकास आराखडा तिनेच करावा, असे कायदा सांगतो. बहुतेक पालक तिथे फक्त सह्या करतात. पुढच्या बैठकीत मैदान मोकळे करणे, झाडे लावणे आणि रोजचा मैदानी तास ही मागणी त्या आराखड्यात लेखी नोंदवून घ्या. विनाअनुदानित खासगी शाळेला अशा समितीचे बंधन नाही. तिथे प्रवेशाच्या दिवशी, पावती फाडण्याआधी विचारा : मुले खेळतात कुठे, तेवढे दाखवा.