शाळाप्रवेशाआडच्या ‘ऐच्छिक’ देणग्यांची पडताळणी करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : विनाअनुदानित शाळांतील प्रवेश आणि ट्रस्टला मिळणाऱ्या देणग्या यांची संयुक्त पडताळणी करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आम्ही पुण्यातील पालक हे निवेदन सादर करीत आहोत.

नामांकित शाळांत नर्सरीचे प्रवेश सुरू झाले की एक वाक्य हमखास कानावर येते : ‘जागा भरल्यात, पण एकदा मॅनेजमेंटला भेटून घ्या.’ भेटीनंतर हाती पडणारी पावती शाळेची नसते. ट्रस्टची, किंवा त्याच मंडळींच्या दुसऱ्या एखाद्या ट्रस्टची असते. तिच्यावर ‘इमारत निधी – ऐच्छिक’ एवढेच लिहिलेले आणि देणगीदार म्हणून आजोबांचे नाव. मुलाचा उल्लेख कुठेच नाही. आठवडाभरात भरलेल्या जागांतून एक जागा निघते. ज्यांची ऐपत याहून मोठी, ते सभागृहच बांधून देतात. त्यांच्या नातवंडांना जागा शोधावी लागत नाही.

देणगीला आमचा विरोध नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहे चालवली. त्या धान्यावर कोणाच्या मुलाचे नाव नव्हते. राज्याचा १९८७ चा कॅपिटेशन फी बंदी कायदाही शिष्यवृत्तीसाठी किंवा नव्या संस्थेसाठी सद्भावनेने दिलेली देणगी घेऊ देतो. तिच्या मोबदल्यात जागा राखायला मात्र मनाई करतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार अशा वसुलीच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे आणि सौदा होतो तिसऱ्या वर्षी.

‘तक्रार आली तर कारवाई करू’ हे उत्तर आम्हाला पाठ आहे. ज्याचे मूल पुढची दहा-बारा वर्षे त्याच शाळेत काढणार, तो पालक तक्रार कशी करील? आणि तक्रारीवाचून अडावे असेही काही नाही. ट्रस्टचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. करसवलतीच्या देणग्या देणाऱ्यांची यादी २०२१-२२ पासून फॉर्म १०बीडीद्वारे आयकर खात्याकडे जाते. प्रवेशाच्या नोंदी आपल्या खात्याच्या तपासणीत असतात. हे कागद एका टेबलावर कधी येत नाहीत, इतकेच.

म्हणून आमची मुख्य मागणी : धर्मादाय आयुक्तांसह संयुक्त पथक नेमून गेल्या तीन वर्षांतील नवे प्रवेश आणि ट्रस्ट व संलग्न ट्रस्टच्या देणग्या ताडून पाहाव्यात. पालकांबरोबर आजी-आजोबांची आणि कुटुंबाच्या कंपन्यांची नावेही तपासावीत, पावतीची तारीख प्रवेशाच्या तारखेशेजारी ठेवावी. सुरुवात सर्वाधिक शुल्काच्या शाळांपासून व्हावी.

याशिवाय, शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांची सोडत सरकार ऑनलाइन काढतेच. उरलेल्या जागांसाठी किती अर्ज आले आणि कोणत्या निकषावर प्रवेश दिले, हे नर्सरीपासून शाळेच्या फलकावर लागावे. प्रवेशाच्या आधी व नंतर एक वर्ष त्या कुटुंबाकडून देणगी घेण्यास बंदी असावी. तक्रारदाराचे नाव शाळेला कळू नये.

पुढील प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
पुणे शहरातील पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी : मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई