नाक कापलेला चाकू

मंडळी, खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर जी हत्यारं मांडतात त्यांत विळी असते, शिवणाची कात्री असते, माझ्या वर्कशॉपमधला व्हर्नियर असतो आणि एक छोटासा मिटता चाकू असतो. यंदा त्याला हळदकुंकू लावताना सातवीतल्या पुतणीनं विचारलं, "काका, याचं टोक कुणी मोडलं?"

मोडलं नाही, मीच घासून काढलं, असं सांगितल्यावर तिचा पुढचा प्रश्न अर्थातच "का?" हा होता. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येईना. म्हणून या वेळचा लेख.

आधी थोडं पात्यांविषयी. खिशातला चाकू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला रामपुरी येतो. रोजच्या कामाचा चाकू तसा नसतो. तीन इंचांच्या आतलं पातं, मुठीत मिटणारं, आणि उघडायला पात्यावर नखाची खाच. एवढ्याशा पात्यालाही आकार किती! एक भाल्यासारखं, म्हणजे स्पिअर पॉइंट. त्यात पाठ आणि धार दोन्हीकडून गोलाई घेत मधोमध टोकाला मिळतात. लाल मुठीचे स्विस चाकू तुम्ही पाहिले असतील, त्यांचं मोठं पातं साधारण असंच असतं. कार्ल एल्सनर यांनी त्या चाकूची नोंदणी १८९७ साली केली. दुसरं क्लिप पॉइंट. पाठीचा पुढचा भाग कापून काढल्यासारखा, टोक बारीक. बटाट्याचे डोळे काढायला, तळहातातलं कुसळ उचकायला उत्तम, पण दाब पडला की आधी टोकच मोडतं.

तिसरं शीप्सफूट, म्हणजे मेंढीचा खूर. याची धार पट्टीसारखी सरळ, आणि पाठ शेवटाला गोल वळून खाली धारेवर उतरते. भोसकणारं टोक जवळपास नाहीच. हलत्या जहाजावर दोर कापणाऱ्या खलाशांना हे पातं सोयीचं, कारण हात सटकला तरी ते कुणाच्या अंगात घुसत नाही. याचंच चुलत भावंडं म्हणजे वॉर्नक्लिफ. धार तशीच सरळ, पण पाठ दुरूनच हळूहळू उतरत येते, त्यामुळे टोक शिल्लक राहतं.

लहानपणी मला विचारलं असतं तर मी डोळे मिटून क्लिप पॉइंट म्हणालो असतो. दिसायला तोच ऐटबाज. आजोबांचा चाकू मात्र भाल्याच्या पात्याचा होता. आजोबा चित्रकलेचे शिक्षक. पेन्सिलीचं टोक गिरमिटानं काढणं त्यांना मंजूर नव्हतं. चाकूनं लाकूड लांब तासायचं, शिसं पाऊण इंच बाहेर काढायचं, मग आडवी पेन्सिल धरून छाया भरायची. संध्याकाळी त्याच चाकूनं पेरूच्या फोडी करून, तिखटमीठ लावून आम्हा नातवंडांना वाटायचे. चाकू पुढे करताना मूठ नेहमी आमच्याकडे, पातं स्वतःकडे.

पंचाहत्तरीनंतर त्यांचे हात थरथरायला लागले. एक दिवस पेन्सिल तासताना टोक डाव्या तळहातात, अंगठ्याच्या बुडाशी गेलं. दोन टाके पडले. रात्री आई मला म्हणाली, "मामंजींच्या हाती परत चाकू लागता कामा नये. उचल आणि ठेव कुठंतरी." मी तो उद्यमबागेत नेऊन माझ्या टेबलाच्या खणात टाकला.

टाके निघाले आणि आजोबांनी चाकू मागितला. मी म्हणालो, "सापडत नाही हो आजोबा, बघतो." दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यांनी झोळी उपसली, गादीखाली पाहिलं, कपाटातल्या धोतरांच्या घड्या मोडल्या. आम्ही सगळे जाणत होतो, आणि सगळे त्यांच्याबरोबर शोधल्याचं नाटक करत होतो. महिन्याभरानं त्यांनी मागणंच सोडलं. पेन्सिलीही सोडल्या. मला वाटलं, विसरले. सुटलो.

आमच्या समोर एक निवृत्त सुभेदार राहतात. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावातच, त्यामुळे असे शेजारी इथे गल्लोगल्ली. एका रविवारी त्यांनी मला फाटकापाशी गाठलं. "मास्तर मला विचारत होते, माणूस वस्तू कुठं ठेवली ते विसरायला लागला की पुढं काय काय विसरतो. काय झालंय रे?"

मी खरं ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन एक जुना फौजी चाकू घेऊन आले. जाडजूड, काळ्या मुठीचा, एका अंगाला गाठी सोडवायचा सुळा. पातं उघडलं तर बोथट नाकाचं. तो शीप्सफूट होता, पण तेव्हा मला नाव ठाऊक नव्हतं. "हे बघ. अंधारात, पावसात, गारठलेल्या हातानं वापरायचा म्हणून याला टोक नाही. मास्तरांच्या चाकूचं टोक काढ की. त्यांचा हात कशाला बांधून ठेवायलास?"

सोमवारी मी तो ग्राइंडरवर धरला. असं काम करताना दोन गोष्टी सांभाळायच्या. घासायचं ते पाठीकडून, धारेकडून नाही. पातं मिटल्यावर धार मुठीच्या आत जाते. धारेकडून घासलं तर टोक वर उचलतं आणि मिटलेल्या चाकूतून बाहेर डोकावतं, मग खिशात हात घातला की बोट कापलंच. दुसरं म्हणजे दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवायचं. तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही. अर्ध्या तासात पातं जेमतेम अर्धा इंच आखूड झालं आणि त्याचं नाक गोल झालं.

संध्याकाळी चाकू आजोबांसमोर ठेवला. त्यांनी उघडला, अंगठा पाठीवरून पुढे नेला, थांबले. "नाक कापलंस की रे त्याचं." मग विचारलं, "कुठं होता?"

"माझ्याकडंच होता."

बराच वेळ ते बोलले नाहीत. पेन्सिल मागवली. हात थरथरत होता, सालपटं जाड निघत होती, पण निघत होती. शेवटी म्हणाले, "टोक गेलं ते बरंच झालं. विचारलं असतंस तर मीच घासून घेतलं असतं. दोन महिने मला वाटत होतं, माझं डोकं चाललं."

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. त्यानंतर तीन वर्षं त्यांनी तो चाकू वापरला. पेरूच्या फोडी ओबडधोबड व्हायच्या. आम्ही खात होतो.

आता तो माझ्या खिशात असतो, आणि माझी आवडही बदलली आहे. पार्सलची पट्टी, सुतळी, पेन्सिल, फळ: माझ्या कामांतली बहुतेक या नाकानं होतात. पुढे सरळ धारेचा एक शीप्सफूटही मी घेतला. त्याची धार दगडावर एका चालीत लागते, गोलाई असली की टोकाकडे मनगट उचलत न्यावं लागतं. बटाट्याचा डोळा काढायचा असेल तर मात्र मी मुकाट्यानं आईची सुरी मागतो.

पुतणीला आता स्वतःचा चाकू हवा आहे. तीही चित्रं काढते. फ्रान्समधला ओपिनेल १८९० पासूनचा, त्यात मुलांसाठी गोल टोकाचाही मिळतो. तो घेऊ म्हटलं. अटी दोन: शाळेच्या दप्तरात न्यायचा नाही, आणि देताना मूठ समोरच्याकडे. विमानप्रवासात तो हातातल्या पिशवीतही चालत नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

आणि मंडळी, तुमच्या घरात कुणाचा हात थरथरू लागला असेल, तर चाकू लपवण्याआधी पात्याचा आकार बघा. त्याच्याही आधी, त्या माणसाला विचारा.