जुन्या वहीशेजारी नवे खाते

दिवाळीला नवी वही सुरू झाली म्हणून जुनी वही कोणी रद्दीत देत नाही. येणीदेणी पुढे ओढली जातात, पण जुनी वही कपाटात राहते; वाद उद्भवला की तीच साक्ष देते. २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर मात्र वहीचा नव्हे, तर हिशेबाच्या यंत्राचाच प्रश्न उभा राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी मिळणारी नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. त्यानंतर सातव्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. घरगुती ग्राहकांना काही अटींवर आणखी एक वर्षाची मुदत मिळाली. पण मुदतवाढ म्हणजे कर्जमाफी नव्हे.

निलंग्याच्या पेठेतील एखादे आडत दुकान डोळ्यांपुढे आणावे. सोयाबीनची आवक सुरू आहे आणि आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर टॅलीच्या नोंदी बिनतक्रार चालू आहेत. वडील म्हणतात, चालते यंत्र टाकायचे कशाला? मुलगा म्हणतो, ज्या यंत्राची कुलपे दुरुस्त होत नाहीत, त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. विंडोज ११ घालावे, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रात ते नाही. वडिलांचे म्हणणे रास्त आहे आणि मुलाचेही. दोघांचे समाधान करणारा मार्ग असा, की विंडोज आहे तिथेच ठेवून त्याच लॅपटॉपमध्ये लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवावी.

लिनक्स विनामूल्य आहे. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा आरंभ केला. भारतात सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे ध्वनिचित्र-पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. नवख्या माणसाला उबुंटू किंवा लिनक्स मिंट या आवृत्त्या सोयीच्या पडतात.

लॅपटॉपमध्ये सीडी घालण्याचा खण नसला तरी अडत नाही. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. मात्र उतरवून घेतलेली ‘आयएसओ’ फाइल त्यावर नुसती कॉपी करून चालत नाही. ‘रुफस’सारख्या साधनाने ती लिहावी लागते. त्या वेळी पेन ड्राइव्हवरील पूर्वीचे सर्व पुसले जाते. फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिथे दिलेली पडताळणी-संख्या आपल्या फाइलशी जुळते का, ते पाहावे. धनादेश वटवण्यापूर्वी सही ताडून पाहतात, तसाच हा प्रकार.

परंतु या कामाची खरी सुरुवात पेन ड्राइव्हपासून नव्हे, बॅकअपपासून होते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. ‘लॅपटॉपमधून पुसले गेले’ हे उत्तर तिथे चालत नाही. टॅलीचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून एखाद्या जुन्या ग्राहकाचे खाते शिल्लक रकमेसह जुळवावे. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजता तिजोरीत ठेवलेली रोकड.

दुसरी खबरदारी किल्लीची. डिस्कवर ‘बिटलॉकर’ चालू असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली आधी कागदावर उतरवून लॅपटॉपपासून वेगळी ठेवावी. आरंभाच्या मांडणीत बदल झाला की विंडोज ती मागू शकते, आणि किल्लीवाचून आतली माहिती धन्यालाही मिळत नाही. तिसरी गोष्ट, विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असले की विंडोज पूर्ण मिटत नाही, अर्धे शटर ओढल्यासारखे राहते. त्यानंतर विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून चालू विभाग आक्रसून ५० जीबीच्या आसपास जागा मोकळी करावी.

आता पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबावी व यादीतून पेन ड्राइव्ह निवडावा. येथे घाई नसावी. डिस्कला हात न लावता लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. वाय-फाय लागते का, प्रिंटरवर पावती निघते का, पडद्यावर देवनागरी नीट दिसते का, हे तासभर तपासावे. मन भरले नाही तर यंत्र बंद करून पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. विंडोज होते तसेच राहते.

बसवण्याचा निर्णय झाला, तर वीज जाण्याचा भरवसा नसल्याने बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला असावा. मग एक पडदा येतो. त्यावर ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ आणि ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हे दोन्ही पर्याय इंग्रजीत जवळजवळ असतात. वर्षांचे हिशेब राहतात की जातात, हे त्या एका निवडीवर ठरते. तेव्हा पर्याय दोघांनी वाचावा. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्यामागचा विचार येथेही लागू आहे.

यापुढे लॅपटॉप उघडताच कोणती प्रणाली हवी, असे तो विचारतो. टॅली लिनक्ससाठी निघत नाही, म्हणून हिशेब विंडोजमध्येच राहावेत, आणि विंडोज शक्य तितके इंटरनेटपासून दूर ठेवावे. बँकेचे संकेतस्थळ, ईमेल, ओटीपीने भरायची विवरणपत्रे लिनक्समधून करावीत. डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्यांनी मात्र ते लिनक्समध्ये चालते का, हे आधी तपासून घ्यावे.

एवढे सारे एका दुपारचे काम आहे. ते मार्चअखेरीस किंवा महिन्याच्या २० तारखेच्या आदल्या रात्री हाती घेऊ नये. बाजार बंद असलेला दिवस निवडावा. बॅकअप ज्या बाहेरच्या डिस्कवर आहे, ती त्या दिवशी दुकानात नव्हे, घरी असावी.