अंगणवाडीत पोरं ‘नुसती खेळतात’? नाव काढण्याआधी एवढं बघा

बीड : जून लागला की गावात दोनच गोष्टींची चर्चा असते. पाऊस कधी पडणार आणि पोराला कुठं घालायचं. इकडं खत-बियाण्याची जुळवाजुळव चालू असते आणि तिकडं इंग्लिश मीडियमवाल्यांच्या पिवळ्या गाड्या वाडी-वस्तीवर फिरू लागतात. साडेतीन वर्षांच्या लेकराला टाय-बूट घालून, पाठीवर दप्तर देऊन गाडीत बसवलं की घरच्यांना वाटतं, पोराचं कल्याण झालं. गावातल्या अंगणवाडीत जाणाऱ्या लेकराबद्दल मात्र पारावर एकच वाक्य ऐकू येतं, “तिथं काय, खिचडी खातेत अन् खेळतेत.”

या एका वाक्यावर कित्येक घरांत सोयाबीन-कापसाचा पैसा फीमध्ये जातो. काही घरांत तर त्यासाठी उसनवारी होते. म्हणून तीन ते सहा या वयात लेकरं नेमकं काय शिकतात आणि त्यासाठी काय लागतं, हे पालकांनी एकदा समजून घेतलं पाहिजे.

खेळातून काय शिकतात?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय ३ ते ८ हा एकच टप्पा धरला आहे. बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून तो पाच वर्षांचा होतो. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं याच धोरणात म्हटलं आहे. हे वाचून काही पालकांना वाटतं, मग आत्ताच जास्त लिहून घेतलं पाहिजे. धोरणाचा रोख नेमका उलटा आहे. या टप्प्यावर शिकवायचं ते खेळ, गोष्टी, गाणी आणि हाताने करायच्या कामांतून, असं त्यात सांगितलं आहे.

त्यामागचं कारण साधं आहे. तीन-चार वर्षांच्या पोराची बोटं पेन्सिल नीट धरण्याइतकी तयार नसतात. मणी ओवणं, माती मळणं, कागद फाडणं, शेंगा फोडणं यातून ती ताकद येते. अशा हातांकडून रोज पानभर ‘ए, बी, सी, डी’ गिरवून घेतली की हात दुखतो आणि अभ्यास म्हटलं की पोरगं रडायला लागतं. जमिनीत ओल नसताना पेरणी केली तर बी वाया जातं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही.

आकड्यांचंही तसंच. एक ते शंभर घडाघडा म्हणणाऱ्या पोराला “पाच शेंगा दे” म्हटलं तर ते मूठभर शेंगा देतं. त्याला आकड्यांची माळ पाठ झाली आहे, पाच म्हणजे किती हे कळलेलं नाही. लहान-मोठं, कमी-जास्त, पुढे-मागे, सारखं-वेगळं हे आधी कळावं लागतं, गणित त्यावर उभं राहतं.

आपली पाळी येईपर्यंत थांबणं, आईला सोडून तीन-चार तास राहणं, शू लागली तर सांगणं, हात धुऊन जेवणं, पडलेल्या पोराला उठवणं हेही याच वयात शिकायचं असतं. याची परीक्षा कुणी घेत नाही, त्यामुळे पालकांना ते शिकणं वाटत नाही. पण पहिलीत गेल्यावर ज्याला हे येतं त्याचं लक्ष फळ्याकडे असतं. ज्याला येत नाही त्याचं निम्मं वर्ष रडण्यात जातं.

ही कल्पना आपल्याच राज्यातली

अंगणात भरणारी बालवाडी कुणी परदेशातून आणलेली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी इथं हे काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेलं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा पोरांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढल्या. महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून बिया, खडे, शिंपले, पानं वापरून शिकवलं.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. आज राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. तिथं मिळणारी खिचडीही कुणाची मेहेरबानी नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ३ ते ६ वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम ताजं जेवण देणं सरकारला बंधनकारक आहे.

मग पालक गाडीकडे का वळतात?

यात सगळा दोष पालकांवर ढकलून चालणार नाही. अनेक अंगणवाड्या अजून समाजमंदिरात, देवळाच्या ओसरीत किंवा भाड्याच्या खोलीत भरतात. कुठं पत्रा गळतो, कुठं पाणी नाही. सेविकाताईंच्या मागे गरोदर मातांच्या नोंदी, वजन-उंची, लसीकरण, घरभेटी, पोषण ट्रॅकरवर रोजची माहिती आणि वरून येणारे सर्वे असतात. शिकवायला वेळ उरतो किती? मानधनासह इतर मागण्यांसाठी ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका-मदतनीस जवळपास दोन महिने संपावर होत्या. त्या काळात अंगणवाड्यांना कुलूप होतं आणि तेवढ्यात काही पोरं गाडीत बसली ती परत आली नाहीत.

दुसरं कारण जिल्हा परिषद शाळेला जास्त जड जातं. खासगी शाळेत नर्सरी, एलकेजी, यूकेजी आणि पहिली एकाच आवारात असते. तिसऱ्या वर्षी गेलेलं पोरगं पहिलीलाही तिथंच राहतं. झेडपीच्या गुरुजींनी मे महिन्यात दारोदार फिरून पट वाढवायचा म्हटलं तरी पोरगं तीन वर्षांपूर्वीच गेलेलं असतं. पहिलीचा पट अंगणवाडीत घटतो तो असा.

‘ॲपल’ येतं, तहान सांगता येत नाही

इंग्रजी यायला पाहिजे, ही पालकांची इच्छा रास्त आहे. प्रश्न वयाचा आणि रीतीचा आहे. चार वर्षांच्या पोराकडे घरची भाषा असते. त्या भाषेत ते प्रश्न विचारतं, भांडतं, गोष्ट सांगतं. शाळेत त्याला मराठीत बोलू दिलं नाही आणि बाईंनाही इंग्रजी पुस्तकापुरतीच येत असेल, तर पोरगं गप्प होतं. बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ रोज खाणारं लेकरू ‘ए फॉर ॲपल’ म्हणतं, पण तहान लागली हे बाईंना सांगायला घाबरतं. घरच्या भाषेत बोलणं पक्कं झालं की दुसरी भाषा त्यावर चढते. म्हणूनच धोरणाने शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा मातृभाषेत शिकवण्यावर भर दिला आहे. इंग्रजी गाणी, गोष्टी, शब्द कानावर पडायला कुणाची ना नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या लेकराचं काय?

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या पट्ट्यात प्रश्न आणखी वेगळा आहे. जूनमध्ये अंगणवाडीत नाव लागतं, दिवाळी झाली की लेकरू आईबापाबरोबर कारखान्याच्या तळावर जातं. हंगामी वसतिगृहाची सोय शाळेच्या वयाच्या मुलांसाठी आहे, तीन-चार वर्षांचं पोरगं आईशिवाय राहू शकत नाही. ते फडात पाचटावर खेळतं आणि पाडव्याच्या सुमारास परत येतं. वर्षातले चार-पाच महिने गेलेले असतात, जेवणही आणि शिकणंही.

अशा पालकांनी एक गोष्ट जरूर करावी. निघण्याआधी सेविकाताईंना कोणत्या गावाला, कोणत्या कारखान्यावर चाललो ते सांगावं. पोषण ट्रॅकरवर लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत हलवण्याची सोय आहे. तळाजवळच्या अंगणवाडीत लेकराला आहार आणि बसायला जागा मागता येते.

प्रवेशाआधी हे विचारा

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यामुळे नर्सरी-केजीवर बरीच वर्षं कुणाचा धाक नव्हता. २०२५ मध्ये राज्याने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. पालकांनी एवढं तरी विचारावं :

- केंद्राची नोंदणी झाली आहे का?
- शिकवणाऱ्या ताईंचं बालशिक्षणाचं प्रशिक्षण झालं आहे का? एका ताईकडे किती पोरं?
- दिवसातला किती वेळ लिखाण आणि किती वेळ खेळ-गोष्टी-गाणी?
- पोराला घरच्या भाषेत बोलू देतात का? मारतात का?
- संडास, पाणी, सावली आहे का? गाडीत किती पोरं कोंबतात आणि एका फेरीला किती वेळ लागतो?

हेच प्रश्न अंगणवाडीलाही विचारावेत. वजन-उंचीची नोंद दर महिन्याला बघावी. उन्हाळ्यात शाळेत होणाऱ्या ‘पहिले पाऊल’ शाळापूर्व तयारी मेळाव्याला जाऊन लेकराचं विकासपत्र घ्यावं.

वयाची घाईही नको. राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. जन्मतारीख पुढेमागे करून लवकर बसवलेलं पोरगं वर्गात वर्षभराने मोठ्या पोरांच्या मागे पळत राहतं.

घरची शाळा आणि ग्रामसभा

घरी करायला पैसा लागत नाही. भाकरी करताना पोराला कणकेचा गोळा द्यावा. शेंगा, हरभरा, मूग एकत्र करून वेगळे करायला सांगावं. ताटं मांडताना “माणसं किती, ताटं किती” विचारावं. आजीने रोज एक गोष्ट सांगावी आणि दुसऱ्या दिवशी ती पोराकडून ऐकावी. मोबाईल देऊन गप्प बसवलेलं लेकरू काही बोलत नाही, आणि न बोलता भाषा येत नाही.

राहिला प्रश्न अंगणवाडीच्या पत्र्याचा आणि पाण्याचा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो किती जमा झाला आणि कशावर खर्च झाला, हे विचारायला पैसे लागत नाहीत. ज्या घरातलं पोरगं अंगणवाडीत जातं, त्या घरातल्या एका आईने उभं राहून विचारलं तरी त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी लागेल.