कॉफीच्या पाकिटावर गावाचे नाव

भिलाईत कोहका येथे धाकट्या भावाचे घर आहे. पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातून तिकडे गेलेल्या असंख्य मराठी कुटुंबांपैकी हे एक. अलीकडे तेथे काही दिवस मुक्काम झाला, तेव्हा पुतण्याने सकाळी माझ्यापुढे दोन पाकिटे ठेवली. एक कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले. त्यावर नियमाप्रमाणे छापले होते की आत कॉफी निम्म्याहून जेमतेम अधिक असून उरलेली चिकोरी आहे. दुसरे पाकीट त्याने नागपूरच्या एका भाजणाऱ्याकडून मागवले होते. त्यावर मळ्याचे नाव, झाडाची जात, फळावरचा गर कसा काढला, आणि दाणे कोणत्या दिवशी भाजले, एवढे सगळे होते. भाजून नऊ दिवस झाले होते.

"काका, आपल्या दरभ्याची कॉफी अशी का नाही मिळत?" त्याने विचारले.

प्रश्न प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला विचारला होता, म्हणून उत्तरही प्रशासनाच्याच अंगाने द्यावे लागेल. ते फारसे सुखावह नाही.

वाचकांपैकी अनेकांना दरभा हे नाव २०१३ च्या मे महिन्यातील झीरम घाटीच्या हत्याकांडामुळे ठाऊक असेल. बस्तर जिल्ह्यातील त्याच दरभा भागात २०१७ साली जगदलपूरच्या कृषी महाविद्यालयाच्या पुढाकाराने सुमारे वीस एकरांवर कॉफीची लागवड सुरू झाली. कॉफीचे झाड तीन-चार वर्षे काही देत नाही. तोवर अधिकारी बदलून जातात, योजनेचे नाव बदलते, कधी सरकारही बदलते. तरीही झाडे जगली आणि दाणे आले. त्यासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांचे श्रेय मला हिरावून घ्यायचे नाही. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. माल हाती येताच शासनाला ‘बस्तर कॉफी’ असा एक छाप सुचला आणि पाठोपाठ कॅफे सुचला. जगदलपुरात ‘बस्तर कॅफे’ उघडला. छायाचित्रे उत्तम आली.

कॉफी विकणे हे शासनाचे काम आहे का, हा प्रश्न या देशात एकदा विचारून झाला आहे, आणि त्याचे उत्तर मिळायला अर्धे शतक लागले. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाली तेव्हा १९४० साली अध्यादेश आणि १९४२ साली कॉफी कायदा आला. हेतू निःसंशय चांगला होता. बुडणाऱ्या मळेवाल्याला हात देण्याचा होता. व्यवस्था अशी की घरच्या वापरापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकी सारा माल शेतकऱ्याने कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात, म्हणजे ‘पूल’मध्ये, जमा करायचा. बोर्ड लिलाव करणार आणि पैसे हप्त्याहप्त्याने देणार. शेवटचा हप्ता हाती पडेपर्यंत कधी कधी वर्षे उलटत. युद्ध १९४५ साली संपले, पूल चालूच राहिला. १९९२ पासून तो टप्प्याटप्प्याने सैल झाला आणि १९९६ साली शेतकरी आपला माल आपल्या मर्जीने विकायला मोकळा झाला. आमच्या खात्यांत तात्पुरत्या व्यवस्थेचे सरासरी आयुर्मान काय असते, याचा हा बरा नमुना आहे.

पैसे उशिरा मिळत, ही पुलाविरुद्धची नेहमीची तक्रार. माझ्या मते त्याहून मोठे नुकसान वेगळे होते. प्रतवारी दाण्याच्या आकारावर आणि प्रक्रियेवर ठरे. कोणाच्या मळ्यातला दाणा चवीला सरस, हे विचारण्याची सोयच नव्हती, कारण पोते साठ्यात रिकामे झाले की त्याचे गाव पुसले जाई. ज्याने पिकलेली लाल फळे तेवढी निवडून तोडली आणि ज्याने हिरवी-लाल फांदी ओरबाडली, त्या दोघांचा माल एकाच ढिगात. मग निवडून तोडण्याची मजुरी कोण भरणार? अशी व्यवस्था दोन पिढ्या चालली आणि मग आपणच म्हणू लागलो की भारतीय माणसाला चांगल्या कॉफीची चव नाही. त्याला मिळत काय होते? आपल्या मराठी घरांत कॉफीत जायफळ-वेलदोडा घालतात, त्यामागे सुगंधाच्या आवडीइतकाच शिळ्या पुडीचा वास झाकण्याचाही हेतू असावा, अशी मला दाट शंका आहे.

बोर्डाने त्या काळात कॉफी हाउसेही चालवली. ती तोट्याची म्हणून १९५० च्या दशकात बंद करून कामगारांना घरी बसवले. मग ए. के. गोपालन यांच्या प्रोत्साहनाने त्याच वाढप्यांनी आणि आचाऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या; पहिली बंगळुरात ऑगस्ट १९५७ मध्ये आणि दिल्लीची त्याच वर्षी. भिलाईत ज्या इंडियन कॉफी हाउसात माझा भाऊ पाळी संपल्यावर मित्रांसोबत बसत असे, तेही याच सहकारी परंपरेतले. शासनाला जो गल्ला परवडला नाही, तो शासनाने काढून टाकलेल्या माणसांनी साठाहून अधिक वर्षे चालवला आहे. नव्या कॅफेच्या नस्तीवर ही गोष्ट कोणी टिपणीत लिहिली असती तर बरे झाले असते.

आता त्या नागपूरच्या पाकिटाकडे येतो. दिल्लीत २०१३ साली सुरू झालेली ‘ब्लू टोकाई’, नागपूरची ‘कॉरिडॉर सेव्हन’ आणि मुंबई, पुणे, बंगळुरात गेल्या दशकात उघडलेली भाजणाऱ्यांची अशी अनेक दुकाने १९९६ च्या मोकळिकीनंतरच शक्य झाली. त्यांच्याविषयी आमच्या वर्तुळात थोडा तुच्छतेचा सूर असतो. श्रीमंतांचे चोचले, असे म्हणतात. पेल्याची किंमत पाहता हे अगदीच खोटे नाही. शंभरापैकी ऐंशी गुण मिळाले तरच कॉफीला ‘स्पेशालिटी’ म्हणायचे, जीभ फिरवून चाखायची, तिच्यात संत्र्याची साल आणि गूळ शोधायचा, हे सारे मलाही जरा अतीच वाटते. पण या दुकानांनी एक काम केले, जे बोर्डाने पन्नास वर्षांत केले नाही. त्यांनी पोत्यावरचे नाव पुसले नाही.

यात भावनेपेक्षा व्यवहार अधिक आहे. कच्चा दाणा कोरडा राहिला तर महिनोन्महिने टिकतो. भट्टीत सुमारे दोनशे अंश तापमानात तो फुटतो, वजनात बारा ते वीस टक्के घटतो आणि त्या दिवसापासून त्याचा सुगंध उडू लागतो. दाणे काही आठवडे बरे राहतात, दळलेली पूड काही दिवसच. म्हणून भाजल्याची तारीख ही गिऱ्हाइकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ. आणि गावाचे नाव शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे, कारण भाजणाऱ्याला एखाद्या पोत्याची चव आवडली तर पुढल्या वर्षी तो त्याच गावाला शोधत येतो आणि चार पैसे अधिक देतो. नाव नसेल तर तो कोणाला शोधणार? आपला अन्नसुरक्षा कायदा पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापायला लावतो, तिला ४९ टक्क्यांची मर्यादा घालतो, ते योग्यच. परंतु पाकीट बंद केल्याची तारीख छापली की त्याचे समाधान होते. त्याआधी दाणा किती महिने भाजून पडला होता, हे तो विचारीत नाही.

आपल्या महाराष्ट्रात याचे उदाहरण चिखलदऱ्याला पाहावे. मेळघाटात ब्रिटिश काळापासून कॉफी होते, आणि राज्यात ती अन्यत्र जवळपास कोठे नाही. मी काही वर्षांपूर्वी तेथील एका दुकानातून पुडी आणली. त्यावर ना हंगाम, ना भाजल्याचा दिवस. घरी उघडली तर जुन्या गोणपाटाचा वास. चिखलदऱ्याची कॉफी वाईट असते, असे आमच्या घरात तेव्हापासून मानले जाते. तिच्यावर हा अन्याय असण्याची शक्यता बरीच आहे, पण दाद मागायला तिच्याकडे कागदच नाही.

म्हणून ‘बस्तर कॉफी’ या एका छापाची मला धास्ती वाटते. दहा गावांचे दाणे एका पिशवीत ओतून वर आदिवासी चित्र छापले, तर तो पूलच झाला, फक्त त्याला छायाचित्रकार मिळाला. काही अधिकारी म्हणतील, उत्पादन इतके थोडे आहे की प्रत्येक शेतकऱ्याचा माल वेगळा ठेवणे परवडत नाही. हे मान्य. मग गावागणिक ठेवा, टेकडीगणिक ठेवा. सीमेपलीकडे आंध्रात अराकूचे आदिवासी शेतकरीही छोट्याच तुकड्यांवर कॉफी घेतात. तेथे ‘जेम्स ऑफ अराकू’ या स्पर्धेत शेतकऱ्यांचे नमुने वेगवेगळे चाखले जातात. त्या खोऱ्याच्या अराबिकाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१७ मध्ये त्यांची कॉफी पॅरिसच्या दुकानात गेली. दरभा चिकमगळूरइतके उंच नाही, तेथला दाणा कदाचित तितके गुण मिळवणार नाही. तेही खरे-खरे छापावे. कमी गुणांचा प्रामाणिक दाणा घेणारे भाजणारे आहेत. गाव नसलेल्या दाण्याला मात्र कोणीही घाऊक भावच देईल.

दुसरा आक्षेप असा येतो की खासगी भाजणारा आदिवासींना लुबाडेल. लुबाडू शकतो. त्याला उपाय शासनाने स्वतः पेले धुणे हा नव्हे. दरभ्यात फळांचा गर काढण्याची आणि दाणे वाळवण्याची नीट सोय करावी, चव तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा कृषी महाविद्यालयाकडे द्यावी, खुला लिलाव घ्यावा आणि कोणत्या गावाच्या मालाला काय भाव मिळाला ते पंचायतीच्या फळ्यावर हिंदीत, हलबीत, गोंडीत लिहावे. ही कामे कंटाळवाणी आहेत. त्यांच्या उद्घाटनाला कोणी येत नाही. पण ती कोणताही दुकानदार करणार नाही, म्हणूनच ती शासनाची.

गाव, हंगाम आणि भाजल्याचा दिवस या तीन ओळी शासनाच्या पाकिटावर छापायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा पातळीवरचे एक परिपत्रक पुरेल. नोव्हेंबर-डिसेंबरात फळे तोडणीला येतात. पोती त्याआधी गावागणिक चिन्हांकित झाली नाहीत, तर पुतण्याला आणखी एक वर्ष तरी नागपूरहूनच पाकीट मागवावे लागेल.