खलनायक नेहमी बापच का असतो?

निशातगंजात भाड्याने खोली शोधत होते तेव्हा प्रत्येक दारात पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पूरा नाम?" माझं आडनाव मराठी. त्यावरून इथल्या माणसाला जात लागत नाही. मग दुसरा प्रश्न यायचा, "मतलब, आप लोग होते क्या हैं?" मी खरं सांगायचे. तीन घरं अशीच गेली. चौथ्या घरी खोली मिळाली.

हे आधी सांगते, कारण मला प्रेमाच्या सिनेमांवर आणि कथा-कादंबऱ्यांवर लिहायचं आहे. जिथे एक खोली घ्यायला आडनाव लागतं, तिथे प्रेम करायला ते लागत नाही, असं या गोष्टी मला कॉलेजपासून सांगत आल्या. मीही ते खरं मानलं होतं.

'मुंबई-पुणे-मुंबई' आठवा. परभणीच्या वसतिगृहात आम्ही सहाजणींनी तो एका लॅपटॉपवर पाहिला. २०१० सालच्या त्या सिनेमात नायक-नायिकेला नावंच नाहीत. दिवसभर पुण्यात फिरतात, भांडतात, प्रेमात पडतात. आम्ही खुळावलो होतो. २०१५ मध्ये दुसरा भाग आला, गोष्ट लग्नापर्यंत पोचली आणि दोघांना नावं मिळाली : गौतम प्रधान आणि गौरी देशपांडे. फिरेपर्यंत नाव लागलं नाही, लग्नाचा विषय निघाला तसं आडनाव आलं, आणि आलं तेही कुठल्या घरांतलं ते बघा.

उत्तरेत आल्यावर तेच दिसलं. 'तनु वेड्स मनु'मध्ये त्रिवेदी आणि शर्मा. 'बरेली की बर्फी'मध्ये मिश्रा आणि दुबे. या दुसऱ्या सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण लखनौतच झालं आहे. गल्ल्या खऱ्या, गच्च्या खऱ्या, बोली खरी. फक्त प्रेम तेवढं योगायोगाने आपापल्या वर्तुळातच होतं.

"प्रेमकथेत कशाला जात शोधता?" असं विचारणारे भेटतात. त्यांना उत्तर बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आहे. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हे त्यांनी तिथे मांडलं. म्हणजे कोण कुणावर प्रेम करतं आणि कुणाशी लग्न करतं, हा जातीच्या बाहेरचा, खासगी, नाजूक विषय नाही. जातीचं कुलूपच तिथे आहे. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण साधारण ५ टक्के निघालं. शंभरातली पंचाण्णव लग्नं जातीत होत असतील, तर जात न दाखवणारी प्रेमकथा निरागस कशी असेल? ती कुलूप झाकून ठेवते.

पण माझी खरी तक्रार या सिनेमांबद्दल नाही. त्यांच्याकडून अपेक्षाच कमी होती. तक्रार आहे ती जात दाखवणाऱ्या, आपल्या बाजूने उभ्या असलेल्या प्रेमकथांबद्दल.

'अछूत कन्या' आला १९३६ मध्ये, ज्या वर्षी 'जातिप्रथेचे विध्वंसन' छापलं गेलं. त्यात कस्तुरी शेवटी रेल्वेखाली जाते. 'सुजाता'त (१९५९) सुजाताला आपलं रक्त देऊन सांभाळणाऱ्या आईचा जीव वाचवावा लागतो, तेव्हा ती घरची होते. 'मसान'मध्ये (२०१५) डोम समाजातला दीपक आणि गुप्तांची शालू. ती घर सोडून यायलाही तयार होते, आणि बसच्या अपघातात जाते. त्या घराने काय केलं असतं, या प्रश्नाचं उत्तर लेखकाला द्यावंच लागत नाही. 'सैराट'मध्ये (२०१६) भाऊ येतो, सोबत भेटवस्तू आणि सुरे. 'धडक'ने (२०१८) तर 'सैराट' घेतला आणि त्यातली जातच पुसट करून टाकली.

गैरसमज नको. हिंसा खोटी नाही. खर्ड्याच्या नितीन आगेचा खून २०१४ चा आहे आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. नागराज मंजुळेंनी ते रक्त पडद्यावर आणलं, याबद्दल मी कायम ऋणी राहीन. 'सैराट'चा हैदराबादमधला भाग तर मला मराठी सिनेमातला सर्वांत खरा संसार वाटतो. तिथे आर्चीला घरची आठवण येते, परश्या संशय घेतो, हात उचलतो. तिथे प्रेम करणारेही तपासले जातात. पण आपण गाणी लक्षात ठेवली आणि शेवट लक्षात ठेवला, मधलं विसरलो.

बाकी सगळीकडे एक नियम आहे : प्रेम करणारा सवर्ण माणूस स्वच्छ असतो. दोष बापाचा, भावाचा, गावाचा, नाहीतर अपघाताचा. 'परियेरुम पेरुमाळ'सारख्या (२०१८) मोठ्या सिनेमातही आपल्या घरच्यांनी त्या मुलाचं काय केलं हे जोला शेवटपर्यंत कळत नाही. जात घरात असते, प्रेमात नसते, हा तो नियम. आणि तो खोटा आहे.

मला हे कसं कळलं ते सांगते. माझ्याच विभागातला एक मुलगा होता. दोन वर्षं आम्ही सोबत होतो. सामाजिक न्यायावर त्याचा प्रबंध. १४ एप्रिलला निळा बिल्ला लावायचा. 'मसान' आम्ही सोबत पाहिला तेव्हा तो रडला होता, मी नव्हते रडले. मागच्या हिवाळ्यात इथल्याच चहाच्या टपरीवर त्याने सांगितलं, "मम्मी नहीं मानेंगी." मी विचारलं, "तूने पूछा?" तो म्हणाला, "पूछने का फ़ायदा क्या है?"

त्याने विचारलंच नव्हतं. दोन वर्षांत एकदाही नाही. त्याच्या आईला आजही माझं नाव माहीत नाही. जिने मला नाकारलंच नाही, तिला मी खलनायिका कशी म्हणू? ना सुरा, ना रेल्वे, ना पाऊस. फेब्रुवारीत व्हॉट्सअॅपवर पत्रिका आली, मुलगी त्याच्याच जातीची. तो दुःखी होता आणि स्वतःला बळी समजत होता. हे त्याला कुणी शिकवलं? त्याच सिनेमांनी. मेलेल्या दलितासाठी रडायचं आणि जिवंत असलेलीची गोष्ट घरी काढायची नाही.

आपल्यातली बहुतेक नाती अशीच संपतात. वाचणाऱ्यांपैकी अनेकींना, अनेकांना हे वाक्य पाठ असेल : "घरचे ऐकणार नाहीत." या शेवटाचा सिनेमा होत नाही, कारण त्यात प्रियकरालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागेल.

ज्यांनी विचारलं, नकार ऐकला आणि तरी केलं, त्यांचीही गोष्ट याच शहरात आहे. लता सिंह लखनौ विद्यापीठात हिंदीचं एम.ए. करत होती. २००० साली तिने भावाचं घर सोडून दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. भावाने पोलिसांत तक्रार केली, नवऱ्याच्या भावंडांना तुरुंगात जावं लागलं, ती वेडी आहे असंही म्हटलं गेलं. ७ जुलै २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द केला आणि आंतरजातीय लग्नं देशहिताची आहेत असं निकालात लिहिलं. लग्न एका दिवसाचं, तारखा साडेपाच वर्षांच्या. आपल्या प्रेमकथा लग्नाशी संपतात नाहीतर प्रेतापाशी. मधली कोर्टाची पायरी, विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस, तिच्यावरचे नाव-पत्ते, हे त्यांना रोमँटिक वाटत नाही. ती नोटीस जोडप्याच्या मर्जीशिवाय लावू नये, हा निकालही जानेवारी २०२१ मध्ये याच लखनौ खंडपीठाने दिला. माझ्या लेखी ती प्रेमाचीच बातमी होती.

आणखी एक. 'फँड्री', 'सैराट', 'मसान', 'धडक २', सगळीकडे मुलगा आपला, मुलगी वरच्या जातीची. आपली मुलगी कुठे आहे? ती बहीण आहे, आई आहे, मागे भांडी घासते आहे. कस्तुरी आणि सुजाता निदान नायिका होत्या. २०२१ ची 'गीली पुच्ची', २०२२ चा पा. रंजित यांचा 'नच्चत्तिरम नगरगिरदु' अशी थोडी नावं सोडली तर आमच्यावर कुणी प्रेम करतं, आम्हीही करतो, नकार देतो, भांडतो, हे कॅमेऱ्याला माहीतच नाही. आमच्या मुलांनाही मग सुंदर म्हणजे कोण, हे तिथूनच कळतं. स्थळ बघताना "गोरी हवी" म्हणणारे सगळे काही वरच्या जातीचे नसतात.

आणि आपल्या अंगणातलंही बोलू या. बौद्ध घरातून मातंग घरात, चर्मकार घरातून बौद्ध घरात लग्नाची बोलणी किती होतात? आपल्या व्हॉट्सअॅप गटांतले बायोडाटा वाचा, पोटजातीचा रकाना असतो. तिथे कुणी पाटील तलवार घेऊन उभा नाही. तिथे आपणच आहोत. यावरही सिनेमा नाही, कादंबरी नाही, कारण तिथेही बाहेरचा खलनायक सापडत नाही.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर आहात. तुमच्यापैकी कुणीतरी हे लिहील याची मी वाट बघते आहे. आपल्या माणसांना मारू नका, रक्त द्यायला लावू नका, सुवर्णपदक मिळवून लायकी सिद्ध करायला लावू नका. एक साधा प्रसंग लिहा. टपरी, दोन चहा, आणि ती त्याला विचारते, "घरी विचारलंस का?" मग त्याला उत्तर देऊ द्या, आणि कॅमेरा त्याच्याच चेहऱ्यावर ठेवा.

जय भीम.