बेडकाचे भागते, बाळाचे नाही
माशाच्या हृदयाला दोनच कप्पे असतात, बेडकाच्या तीन, तर पक्ष्यांच्या आणि माणसाच्या हृदयाला चार. बेडकाच्या हृदयात शुद्ध व अशुद्ध रक्त काही प्रमाणात मिसळते. पण त्याला अंग ऊबदार ठेवायचे नसते आणि ओल्या त्वचेतूनही तो प्राणवायू घेतो, म्हणून त्याचे भागते. माणसाचे भागत नाही. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतः मोठे छिद्र असेल, तर फुप्फुसांकडे जादा रक्त जाते. बाळ दूध पिताना दमते, घामाघूम होते, वजन वाढत नाही. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस न दवडता डॉक्टरांना दाखवावे. अनेक लहान छिद्रे आपोआप बुजतात. मोठी शस्त्रक्रियेने बंद करता येतात.